पूनमचं डोकं, गल्लीचं तोंड

सोलापूरच्या भवानी पेठेतल्या त्या गल्लीत कोणाच्या घरी कशाची फोडणी पडली हे कढई उतरायच्या आत सगळ्यांना कळायचं. अशा गल्लीत पूनमचं डोकं दुखतं ही गोष्ट गुपित होती. म्हणजे ठाऊक ती सगळ्यांनाच होती, कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्या रामहरीच्या शेळीलासुद्धा ठाऊक असावी. पण पूनमच्या आईनं, केराबाईनं, ती गुपित आहे असं दारोदार जाऊन सांगितलं होतं, त्यामुळं सगळ्यांनी ती इमानानं गुपित ठेवली होती.

दुखणं काही साधंसुधं नव्हतं. डाव्या भुवईच्या वर आधी बारीक ठणका लागायचा, मग डोळ्यांपुढं काजवे नाचायचे आणि बघता बघता कोणीतरी अर्धं डोकं उखळात घालून कांडतंय असं व्हायचं. उजेड सोसायचा नाही, फोडणीचा वास सोसायचा नाही, आवाज तर अजिबातच नाही. महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस हे असं. उरलेल्या दिवसांत पूनम अक्कलकोट रोडवरच्या गणवेशांच्या कारखान्यात शाळांच्या ऑर्डरींचं काम बघायची, आणि इतकी हसायची, इतकी बोलायची, की मागची सगळी थकबाकी त्यातच वसूल करायची असावी. पंचविशी ओलांडली तरी जानेवारीतल्या गड्ड्याच्या जत्रेतलं शोभेचं दारूकाम तिनं जन्मात एकदाही बघितलं नव्हतं. दर वर्षी ते छान झालं असं तिला दुसऱ्या दिवशी सांगण्यात यायचं.

घरचे उपाय करून झाले होते. केराबाईनं सुंठेचा लेप लावला, नाकात तूप सोडलं, बिरोबाचा भंडारा कपाळभर फासला. पूनमचे वडील हरिबा मूळचे सांगोल्याकडचे, मेंढरांमागं वाढलेले, आता पेठेत घोंगड्यांचं लहानसं दुकान चालवणारे. त्यांचा उपाय एकच होता. लेकीचं डोकं सुरू झालं की बाहेरच्या पायरीवर जाऊन बसायचं आणि कोणाशी चकार शब्द बोलायचा नाही. याचा डोक्याला काडीचा उपयोग नव्हता, पण पूनमला बरं वाटायचं.

खरा गुण यायचा तो चादरीचा. पूनमच्या खोलीची खिडकी गल्लीवर उघडायची, आणि पलीकडच्या भिंतीला लागूनच पार्वतम्माचे यंत्रमाग होते, दिवसभर खटाखटा चालणारे. डोकं दुखायला लागलं की केराबाई खिडकीवर हिरवी, जाड सोलापुरी चादर टांगायची, उजेड अडावा म्हणून. गंमत अशी की उजेडाबरोबर आवाजही अडायचा. थोड्याच वेळात मागांची खटखट बुडायची, समोरच्या ईरम्माचं शेंगाचटणी कुटणं बुडायचं, भाजीच्या गाडीची घंटा बुडायची. चादरीवर पूनमचा इतका विश्वास बसला की तिनं तशीच एक चादर ऑफिसातल्या ऋतुजाला भेट दिली, कारण ऋतुजाच्या शेजारी इमारतीचं काम चालू होतं. ऋतुजा म्हणाली, कणभर फरक नाही. पूनम म्हणाली, तू नीट टांगली नसशील.

सात रस्त्याजवळच्या एका डॉक्टरबाईंनी या दुखण्याला नाव दिलं, मायग्रेन, आणि तेही मुरलेलं. मग गोळ्या सुरू झाल्या. एकीनं पूनम दिवसभर पेंगायला लागली, एकीनं तिचे सगळे ड्रेस घट्ट झाले, आणि एकीनं इतकं विसरायला झालं की बार्शीच्या मुलांच्या शाळेला तिनं स्कर्ट पाठवून दिले. डोकं आपलं होतं तसंच. शेवटी डॉक्टरबाई म्हणाल्या, आता इंजेक्शनं घेऊ. कपाळावर, कानशिलांवर, मानेवर बारीक बारीक टोचायची, दर तीन महिन्यांनी. औषधाचं नाव बोटॉक्स, नट्या सुरकुत्या घालवायला घेतात तेच. खर्च ऐकून हरिबा दुकानातल्या घोंगड्यांकडं बघतच राहिले. पण कारखान्यानं सगळ्या कामगारांचा आरोग्य विमा काढलेला होता आणि जुनी दुखणीसुद्धा त्यात बसत होती. पूनमनं कागदपत्रं पाठवली आणि पुढचे काही दिवस ती जमिनीवर नव्हतीच.

विमा कंपनीचं उत्तर आलं की सौंदर्य वाढवण्यासाठी केलेले उपचार पॉलिसीत बसत नाहीत.

पूनमनं ते पुन्हा वाचलं आणि आरशासमोर जाऊन उभी राहिली. डोळ्यांखाली काळी वर्तुळं, कपाळावर सुकून तडकलेला सुंठेचा लेप, भांगात भंडारा. हिला म्हणे सुंदर व्हायचंय. तिला असं काही हसू फुटलं की तिनं आरशाची चौकट धरली. पण हसता हसता ती थांबली, कारण एवढं एकच दार उरलं होतं आणि तेही असल्या फालतू कारणानं तोंडावर आपटलं होतं. तिला या जगात फार काही नको होतं. सगळ्यांसारखा एक महिना हवा होता, दुपारी उन्हात जाऊन आइस्क्रीम खाता येईल असा.

गप्प बसणाऱ्यांतली ती नव्हती. डॉक्टरबाईंनी खरमरीत पत्र लिहिलं, पूनमनं कंपनीला फोनवर फोन लावले, तिथल्या प्रत्येकाला आपल्या डोक्याची कथा नव्यानं सांगितली, आणि अखेर कंपनीनं कळवलं की आमचा माणूस येऊन चौकशी करील, मग काय ते ठरवू. ही गोष्ट तिनं फक्त हरिबांच्या कानावर घातली. आईला सांगायची सोयच नव्हती. लेकीच्या डोक्यात सुया टोचणार म्हटल्यावर केराबाईनं घर डोक्यावर घेतलं असतं, त्यातून ऐन लग्नाची बोलणी चालू असताना.

लग्नाचं म्हणाल तर सांगोल्याहून एक स्थळ आलं होतं. मुलाचं नाव युवराज, घरची डाळिंबाची बाग, फोटो पसंत पडले होते. पूनमशी तो फोनवर दोन-चारदा बोललाही होता, आणि आपल्याच विनोदाला आधी हसायची त्याची खोड तिला आवडलीही होती. मधल्या माणसानं केराबाईला सांगून ठेवलं होतं की मुलीला बघायला यायच्या आधी त्यांचा एक माणूस येऊन जाईल. तिकडची रीतच ती. हा माणूस नाव सांगत नाही, काम सांगत नाही. चक्कीवर, टपरीवर, शेजारीपाजारी उभा राहतो आणि सहज म्हणून विचारतो, मुलगी कशी, आई कशी, काही दुखणंबिखणं? हे कळल्याबरोबर केराबाईनं गल्ली पिंजून काढली आणि घरोघरी बजावलं, कुणी बी इचारू द्या, पूनमचं डोकं जल्मात दुखलं न्हाय. गल्लीनं शब्द दिला. आणि लेकीला संकोच वाटेल म्हणून केराबाईनं यातलं अक्षर तिला सांगितलं नाही. मायलेकी अशा एकमेकींना जपत होत्या, आणि त्यातूनच पुढचा सगळा गोंधळ झाला.

विम्याचा माणूस आला तो नेमका पूनम चादरीआड पालथी पडलेली असताना. त्याचं नाव राजशेखर, राहणारा अक्कलकोटचा, चौकटीचा शर्ट, खांद्याला पिशवी, बोलण्यात कानडी हेल. त्याच्याही धंद्याची रीत होती. नाव सांगायचं नाही, काम सांगायचं नाही, आधी शेजारीपाजारी उभं राहून सहज म्हणून विचारायचं. गल्लीच्या तोंडाशी त्यानं दुचाकी लावली आणि रामहरीला विचारलं की या पूनमताई कशा आहेत, तब्येतीची काही तक्रार? रामहरीच्या डोळ्यांत लगेच चमक आली. आला की सांगोल्याचा!

पुढचं सगळं पूनमला नंतर तुकड्यातुकड्यांनी कळलं, कारण ज्यानं त्यानं आपली कामगिरी छाती फुगवून सांगितली. रामहरी म्हणाला होता की डोकंच काय, तिला आजवर साधी शिंकसुद्धा आलेली नाही. ईरम्मानं पाहुण्याला बसवून कडक भाकरी, शेंगाचटणी आणि वर दही वाढलं आणि सांगितलं की पोरगी भर उन्हात शाळेला जायची तेव्हा ऊनच सावलीला पळायचं. पार्वतम्मा तर माग सोडून बाहेर आली. मुलीचं रूप सांगायची जबाबदारी तिनं स्वतःकडं घेतली होती. चेहऱ्यावर डाग नाही, सुरकुती नाही, पावडरचा डबा घरात नाही, एवढा नितळ चेहरा अख्ख्या पेठेत दाखवा. राजशेखरनं सुरकुत्यांबद्दल विचारलंही नव्हतं.

केराबाईनं त्याला पोहे दिले. हरिबा पायरीवरच होते, पण लेकीचं डोकं दुखत असताना ते तोंड उघडणार नव्हते. त्यानं लेकीच्या डोकेदुखीचं विचारलं, तर हे कोणा दुष्मनानं सांगितलं असेल म्हणाली. त्यानं पूनमला भेटायचंय म्हटलं, तर म्हणाली असं आडवळणानं नाही, रीतसर कार्यक्रम ठेवू, पाच माणसं घेऊन या. पाच माणसं कशाला, त्यानं गोंधळून विचारलं. बरं, मग सात आणा, केराबाई म्हणाली, आमचं काही म्हणणं नाही. आणि निघताना तिनं त्याच्या खांद्यावर टॉवेल टाकला, हातावर टोपी आणि नारळ ठेवला. बिचारा दाराशी तसाच उभा राहिला. विम्याच्या नोकरीत त्याचा असा मानपान आजवर कोणी केला नव्हता.

दोन दिवसांनी पूनमचा फोन वाजला तेव्हा ती ऑफिसात मोहोळच्या शाळेची मापं तपासत होती. पलीकडून राजशेखरनं आपली ओळख सांगितली आणि म्हणाला की आपण तिच्या गल्लीत जाऊन आलो, पण तिला डोकेदुखी आहे असं एकाही माणसानं सांगितलं नाही. तिच्या आईनंसुद्धा नाही. पूनमनं हातातली टेप टेबलावर ठेवली.

"आणि मॅडम, तुमच्या चेहऱ्यावर एकही सुरकुती नाही, हे मात्र सगळ्यांनी न विचारता सांगितलं," तो म्हणाला.

पूनमनं श्वास घेतला. "मग साहेब, माझं डोकंही दुखत नाही आणि मला सुरकुत्याही नाहीत, तर मी एवढ्या सुया टोचून घेणार कशाला? हौस म्हणून?"

 मग तो म्हणाला की त्याचा अहवाल तिथंच अडलाय. शिवाय आणखीही एक गोष्ट त्याला जुळत नव्हती, ती काय ते त्यानं सांगितलं नाही. रविवारी परत येतो एवढंच म्हणाला. आणि फोन ठेवता ठेवता चाचरत विचारलं, "ती टॉवेल-टोपी कशाबद्दल होती?"

त्या एका प्रश्नानं पूनमला सगळं लख्ख दिसलं. आईचं बजावणं, गल्लीचा शब्द, सांगोल्याची रीत, सगळं. ती खुर्चीवरून घसरून खाली बसली आणि इतकी हसली की ऋतुजानं पाण्याची बाटली आणली. हसू ओसरल्यावर मात्र तिला दुसरी बाजू दिसली. या माणसानं ऐकलं तसंच लिहून टाकलं तर खेळ संपला होता.

घरी गेल्यावर तिनं आईपुढं सगळं ओतलं. केराबाई आधी सुयांवरून कडाडली, मग टॉवेल-टोपी भलत्याच माणसाला गेली म्हणून हळहळली, मग सांगोल्याच्या लोकांना आता काय तोंड दाखवायचं म्हणून डोळ्यांना पदर लावून बसली. पूनम तिच्याजवळ बसली आणि हळूच म्हणाली, "आई, लगीन मागनं हुईल गं. मला डोकं आदी पायजे."

केराबाईनं लेकीकडं बघितलं. इतकी वर्षं तिनं ते डोकं चेपलं होतं, बांधलं होतं, लपवलं होतं. ते बरं व्हावं असं लेक मागतेय आणि आपण ते झाकत फिरतोय, हे तिला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं आणि तिला स्वतःची लाज वाटली. ती पदर खोचून उठली आणि पुन्हा घरोघरी गेली. आता उलट बजावलं. परवा आलेला तो विम्याचा माणूस होता, रविवारी परत येणार आहे, आणि पोरीचं डोकं दुखतं ते सगळ्यांनी खरंखरं सांगायचं आहे.

गल्लीला फार वाईट वाटलं. ईरम्मा तर कपाळावर हात मारून म्हणाली की अय्य, मी त्याला दहीसुद्धा वाढलं. आपल्यामुळं पोरीचं नुकसान झालं म्हणून जो तो हळहळला, आणि भरपाई करायची असं सगळ्यांनी मनावर घेतलं. गल्लीनं एखादी गोष्ट मनावर घेतली की काय होतं हे पूनमला ठाऊक होतं, पण तोवर उशीर झाला होता.

रविवार उजाडला तो असा की पूनमचं डोकं पिसासारखं हलकं. अंगात नुसता उत्साह. बाहेर गल्ली रंगात आली होती. पार्वतम्माचे माग धडधडत होते, ईरम्माची चटणी कुटली जात होती, रामहरीच्या रेडिओवर कानडी भजन लागलं होतं, कोणाच्या तरी कुकरनं शिट्ट्यांचा सपाटा लावला होता. केराबाईला मात्र हे हलकं डोकं अजिबात पसंत पडलं नाही. तिनं लेकीला अंथरुणावर आडवं केलं, कपाळाला फडकं करकचून बांधलं, कानशिलांवर चुना लावला. पूनमला गुदगुल्या व्हायला लागल्या आणि ती खिदळायला लागली.

"हासू नगं," केराबाई दटावून म्हणाली. "दुखतंय की तुला."

"आज कुटं दुखतंय?" पूनम म्हणाली आणि उशीत तोंड खुपसून हसत राहिली.

राजशेखर आला. पिशवीतून त्यानं आधी टॉवेल, टोपी आणि नारळ काढून केराबाईच्या पुढं ठेवले, हे आपलं नाही म्हणाला. तो बसतोय न बसतोय तोच ईरम्मा, पार्वतम्मा, रामहरी आणि निम्मी गल्ली आत घुसली, आणि सगळे एकदम बोलायला लागले. बाहेरच्या आवाजावर मात करायची म्हणून प्रत्येकजण गळा ताणत होता. ईरम्मा म्हणाली, पोरीचं डोकं महिन्यातले चाळीस दिवस दुखतं. रामहरी म्हणाला, ती जन्मली तीच डोकं धरून, सुईणीनं बघितलंय. पार्वतम्मानं तर पोर भिंतीवर कशी डोकं आपटते आणि आपल्या मागाचे धागे कसे तुटतात तेही सांगितलं. आणि चेहऱ्यावर सुरकुत्या बघा किती, कोणीतरी मागून पुस्ती जोडली. तेव्हा पूनमनं फडक्याखालून डोळे मिटून घेतले. आता हा माणूस उठून जाणार आणि आपला अर्ज कचऱ्यात जाणार, याबद्दल तिला शंका उरली नाही.

राजशेखर शांतपणे सगळं ऐकत होता. सगळ्यांचा दम संपल्यावर तो पूनमकडं वळला. "मॅडम, आज दुखत नाही ना?"

केराबाईनं मागून चिमटा काढला. पूनम उठून बसली आणि तिनं कपाळाचं फडकं सोडलं. "न्हाय साहेब," ती म्हणाली. "आज न्हाय."

"मला माहीत आहे," राजशेखर म्हणाला. "आणि त्या दिवशी दुखत होतं, हेही माहीत आहे."

 मग तो आपणहून सांगायला लागला. बरीच वर्षं तो हेच काम करत होता, पुष्कळ गल्ल्या पायाखाली घातल्या होत्या. खोटं बोलणारी माणसं हटकून मोठ्यानं बोलतात, हा त्याचा अनुभव. पण त्या दिवशी या गल्लीत सगळे त्याच्याशी खोटं बोलले ते कुजबुजत. इस्त्रीवाला कुजबुजला, चटणीवाल्या मावशी कुजबुजल्या, मागवाल्या अम्मा तर जवळजवळ खुणांनीच बोलल्या. माग बंद होते. रेडिओ बंद होता. भाजीची गाडी गेली ती घंटेची जीभ मुठीत धरून गेली. तेव्हा त्याला वाटलं, ही गल्लीच अशी असेल. आज आला तर स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू येईना. "त्या दिवशी सगळ्यांना गप्प बसायला कोणी सांगितलं होतं?" त्यानं विचारलं.

सगळ्यांनी एकमेकांकडं बघितलं. कोणीच सांगितलं नव्हतं. केराबाईनं नव्हतं सांगितलं, हरिबांनी तर नाहीच नाही. शेवटी पार्वतम्मानं खिडकीकडं बोट दाखवलं.

"चादर," ती म्हणाली. "हिरवी चादर दिसली की आमी माग बंद करतो. धागे सांधायचं काम काढतो. आमच्या मालकांपास्नं हाय ते. त्ये गेले, पण चादर दिसली की कामगार आपसूक बटण दाबत्यात."

मी कुटत न्हाय, ईरम्मा म्हणाली, त्या दिवशी शेंगा निवडते. रामहरी म्हणाला की त्यात काय सांगायचं, पोरीचं डोकं दुखतंय म्हटल्यावर रेडिओ लावायचा का माणसानं. ही बातमी आहे असं त्यांच्यातल्या कोणालाच वाटत नव्हतं, उलट राजशेखर एवढं काय विचारतोय याचंच त्यांना नवल वाटत होतं.

पूनम मात्र तोंड उघडं टाकून बसली होती. "मला वाटायचं चादर जाड हाय म्हणून आवाज येत न्हाय," ती म्हणाली.

आधी ईरम्मा हसली, मग रामहरी, मग अख्खं घर खदाखदा हसायला लागलं. पूनमला ऋतुजाची चादर आठवली आणि ती हसून हसून अंथरुणावर कोलमडली. केराबाईनंही हसू दाबायचा प्रयत्न केला आणि तो फसला. राजशेखर तेवढा गंभीर होता. त्यानं चादर टांगून दाखवता का, असं विचारलं. कोणी उठायच्या आधी दारातल्या पायरीवरून हरिबा उठले. इतका वेळ ते तिथंच होते. आत येऊन त्यांनी ती हिरवी चादर खिडकीवर टांगली आणि परत जाऊन पायरीवर बसले.

पहिला माग थांबला. मग दुसरा, मग बाकीचे, एकामागून एक, भिंतीपलीकडं कामगारांना इथला काही पत्ता नसताना. समोर ईरम्माची सून मुसळ ठेवून आत गेली. रामहरीच्या दुकानात बसलेल्या कोणीतरी भजन बंद केलं. पलीकडच्या घरातल्या कुकरची शिट्टी निम्म्यातच कोणीतरी उचलून धरली आणि ती फुस्स करून विझली. पार गल्लीच्या तोंडाशी दोन पोरांचं भांडण चाललं होतं, तेही आवाज उतरवून चाललं. थोड्या वेळानं एवढं शांत झालं की रामहरीच्या शेळीचं पाला चावणं खोलीत ऐकू यायला लागलं.

ही शांतता पूनमनं आजवर शेकडो वेळा ऐकली होती, पण ठणक्याच्या आतून. धड डोक्यानं ती आज पहिल्यांदाच ऐकत होती. एवढी माणसं आपल्यासाठी हात थांबवून बसतात आणि आपण शाबासकी देतो चादरीला. तिला एकदम भरून आलं, आणि त्याच वेळी आतून हसूही येत होतं, त्यामुळं तिचं तोंड असं काही झालं की केराबाईला वाटलं आता खरंच दुखायला लागलं.

राजशेखरनं वहीत दोन ओळी लिहिल्या आणि उठला. दारात थांबून अगदी हळू आवाजात म्हणाला, "मावशी, नारळ ठेवा. टॉवेल मात्र नेला तर चालंल का? चांगला हाय."

केराबाईनं तो त्याच्या खांद्यावर पुन्हा टाकला.

मंजुरी आली ती पुढच्याच आठवड्यात. पूनम मोबाईल हातात धरून गल्लीभर नाचली, ईरम्मानं सगळ्यांना चटणी वाटली, पार्वतम्मानं तिच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. डॉक्टरबाईंनी आधीच सांगून ठेवलं होतं की जादू होणार नाही, दिवस हळूहळू कमी होतील. पूनमला तेवढं पुष्कळ होतं. या जानेवारीत दारूकाम बघायला कोणाकोणाला न्यायचं यावर ती आणि ऋतुजा आत्तापासून वाद घालत होत्या.

हा सगळा धुमाकूळ चालू असतानाच केराबाईचा फोन वाजला. सांगोल्याहून युवराजची आई बोलत होती. आमचा माणूस अजून आला नाही, राहून गेलं, येत्या गुरुवारी चौकशीला पाठवते म्हणाली. गल्ली जागच्या जागी थबकली. पूनमचा नाच थांबला. सगळे केराबाईच्या तोंडाकडं बघायला लागले, आता काय सांगायचं ते ठरवून द्या अशा नजरेनं.

केराबाईनं खिडकीकडं बघितलं, मग लेकीकडं बघितलं आणि पदर नीट केला.

"माणूस पाठवा की, पण मीच सांगते," ती फोनवर म्हणाली. "आमच्या पोरीचं डोकं दुखतं. लई दुखतं. औषध चालू केलंय. ती पडली की आमची सगळी गल्ली गप बसती. तुमच्या वस्तीला गप बसाय जमंल का, तेवढं इचारून ठेवा."

पलीकडं बराच वेळ कोणी काहीच बोललं नाही.

"व्हय," केराबाई समाधानानं म्हणाली. "आस्संच."